मॉडेलरची घरघर: चार दिवस जाते, पाचव्या दिवशी परत येते

रविवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. ‘‘मामा, परत सुरू झालं.’’ काय सुरू झालं ते विचारायची गरजच नव्हती, फोनमधूनच ऐकू येत होतं. गूंऽऽऽ. दोन महिन्यांतली ही चौथी खेप. प्रत्येक वेळी आम्ही काहीतरी बदलायचो, आवाज जायचा, दोघं खूश. मग तीन-चार दिवसांनी महाराज पुन्हा हजर.

भाचा गिरगावात राहतो, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. भिंतीपलीकडे एका बाजूला आजोबा झोपलेले, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांच्या मुलीची बारावी. खरा ॲम्प (गिटारचा ॲम्प्लिफायर) खोलीत वाजवायचा विषयच नाही, म्हणून ॲम्प मॉडेलर घेतला, म्हणजे ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र. गिटार मॉडेलरमध्ये, मॉडेलरचं आउटपुट दोन इनपुटच्या छोट्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीत), इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला. दुसऱ्या इनपुटला गाण्याचा माइक. कानाला हेडफोन. हजारो घरांत असते तशीच जोडणी.

आधी संशय केबलवर. गिरगावातून लॅमिंग्टन रोड चालत गाठता येतो, त्यामुळे केबल बदलणं हा त्याच्यासाठी संध्याकाळचा फेरफटका. नवी केबल आली, घरघर गेली, चार दिवसांनी परत आली. मग तो सगळं सामान घेऊन माझ्याकडे मुलुंडला आला. माझ्या टेबलावर तोच मॉडेलर, तोच इंटरफेस, तीच केबल, आणि आवाज काचेसारखा स्वच्छ. निष्कर्ष काढायला आम्ही मोकळे: त्यांच्या जुन्या इमारतीचं अर्थिंग गेलंय. वायरमन बोलावला. त्याने मीटर लावून पाहिलं. फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेमतेम दोन व्होल्ट. ‘‘साहेब, अर्थिंग एक नंबर आहे,’’ म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

माझ्याकडे आवाज का नव्हता ते फार उशिरा डोक्यात शिरलं. पोरगं लॅपटॉपचा चार्जर घरी विसरून आलं होतं. लॅपटॉप बॅटरीवर चालला होता.

तरीही कोडं पूर्ण सुटेना, कारण गिरगावात चार्जर लावलेला असतानाही आवाज चार-चार दिवस गायब असायचा. म्हणून त्या रविवारी फोनवरच विचारलं, ‘‘आज वेगळं काय केलंस?’’

‘‘काहीच नाही रे मामा. सकाळी पॅच एडिट केले, बस.’’ (पॅच म्हणजे मॉडेलरमध्ये साठवलेली आवाजाची सेटिंग.)

‘‘एडिट कुठे केलेस? मॉडेलरवर?’’

‘‘नाही, लॅपटॉपवर. ॲपमधून.’’

‘‘मग मॉडेलरची यूएसबी अजून लॅपटॉपला लागलेली आहे?’’

‘‘हो, आहे ना...’’ पुढे खुडबुड ऐकू आली, आणि गूंऽऽ बंद. ‘‘अरे! गेलं!’’

दोन महिने, दोन केबली आणि एक वायरमन. चोर निघाली पॅच बदलायची यूएसबी वायर. प्रत्येक वेळी ‘दुरुस्ती’ करताना आम्ही सगळं सोडवून पुन्हा जोडत होतो, आणि ती वायर तेवढ्यापुरती लागत नव्हती. त्यामुळे श्रेय जायचं नव्या केबलला. पुढच्या वेळी पॅच एडिट करायला वायर लागली की घरघर परत.

हे घडतं कसं ते नीट सांगतो, कारण एकदा चित्र डोळ्यांसमोर आलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात. मॉडेलरचा ग्राउंड मॉडेलर-इंटरफेस केबलच्या जाळीतून, म्हणजे बाहेरच्या शील्डमधून, इंटरफेसला जोडलेला. इंटरफेसचा ग्राउंड यूएसबीतून लॅपटॉपला. आणि लॅपटॉपचा ग्राउंड दुसऱ्या यूएसबीतून परत मॉडेलरला. झाला गोल पूर्ण. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आता लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडासा गळतीचा प्रवाह कायम ग्राउंडवर येत असतो. चार्जर खराब असतो असं नाही, त्याची रचनाच तशी असते. (मेटल बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना मनगटाला जी बारीक झिणझिण जाणवते, ती हीच.) हा प्रवाह गोलातून फिरताना तुमच्या ऑडिओ केबलच्या शील्डमधूनही वाहतो. साध्या अनबॅलन्स्ड केबलमध्ये शील्ड हाच सिग्नलचा परतीचा रस्ता. मग शील्डवर जे वाहतं, ते इंटरफेसला संगीत म्हणूनच ऐकू येतं. चार्जर काढा, प्रवाह आटतो. यूएसबी काढा, गोल तुटतो. दोन्ही एकत्र लागले की घरघर. म्हणून ती कधी यायची, कधी जायची.

तुमची घरघर याच जातीची आहे का, हे आधी कानाने ओळखा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हमचा (या घरघरीचा) स्वर ५०चा आणि त्याच्या पटींचा: १००, १५० वगैरे. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा असतो. तो वाजवा आणि घरघरीशी ताडून पाहा. हम त्याच्यापेक्षा किंचित चढा लागेल, किंवा त्याच्या खालच्या सप्तकात किंचित चढा. ट्यूनर ॲप हमसमोर धरलं तर बहुधा जी दाखवतं आणि काटा उजवीकडे झुकलेला. अमेरिकन व्हिडिओंत ‘सिक्स्टी सायकल हम’ म्हणतात आणि त्याचा स्वर बी फ्लॅट आणि बी यांच्या मधला सांगतात, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची. ते ऐकून आपल्याकडे बी शोधत बसू नका.

स्वर जुळला म्हणजे उगम विजेत आहे एवढं कळलं. रस्ता कोणता, ते अजून शोधायचंय. त्यासाठी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर तशीच राहिली तर ती गिटारच्या पुढे कुठेतरी घुसतेय, लूपवर संशय घ्या. व्हॉल्यूम शून्य केल्यावर गेली, तर गिटारचा पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारं वेटोळं) ती हवेतून ओढतोय. गिटार हातात घेऊन खुर्चीवर गोल फिरून बघा. सिंगल कॉइल पिकअप असेल तर एका दिशेला आवाज कमी, दुसऱ्या दिशेला जास्त येतो. तिथे केबल बदलून काही होणार नाही, तुम्हाला खोलीतला गुन्हेगार शोधावा लागेल. मुंबईच्या घरात तो बहुतेकदा पंख्याचा रेग्युलेटर असतो. गोल फिरवायचा, कुठल्याही वेगावर थांबणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून पंखा हळू करतो, आणि त्या कापाकापीची चर्रर पिकअपमध्ये उतरते. पंखा बंद केला की आवाज बंद, पण मे महिन्यात पंखा बंद करून गिटार कोण वाजवणार? पंखा पूर्ण वेगावर ठेवा, कापाकापी जवळपास थांबते. किंवा टप्प्याटप्प्याने खट्खट् फिरणारा कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या. तो लाट कापत नाही.

तिसरी जात बारीक, उंच ‘चींऽऽ’ची. माउस हलवला, पान वरखाली केलं की हिचा सूर बदलतो. हा लॅपटॉपच्या आतला डिजिटल गोंगाट, यूएसबीच्या वाटेने आलेला. यूएसबीवर साध्या वेगात दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते, म्हणजे सेकंदाला १०००. हाय-स्पीडवर १२५ मायक्रोसेकंदांना एक, म्हणजे ८०००. या दोन्ही ठोक्यांचे स्वर कानाला ऐकू येण्याच्या पट्ट्यात पडतात. भाच्याकडे गूंऽऽच्या खाली हीपण होती, पण मोठ्या भावाने धाकट्याला झाकलं होतं.

आता उपाय. फुकटचा पहिला: रेकॉर्ड करताना मॉडेलरची यूएसबी काढा. भाच्याने त्या वायरच्या टोकाला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे, विसरू नये म्हणून. पॅच एडिट करा, मॉडेलरमध्ये सेव्ह करा, वायर काढा, मग रेकॉर्ड बटण. तुमच्या मॉडेलरचं एडिटर ॲप ब्लूटूथवर चालत असेल तर वायरची कटकटच नाही.

दुसरा उपाय उलटा आहे: ऑडिओ केबलच काढा. आजच्या बऱ्याच मॉडेलरमध्ये स्वतःचा यूएसबी ऑडिओ असतो, म्हणजे तेच इंटरफेस होतात. एकच वायर, लूप नाही, आणि आवाज डिजिटलमध्येच लॅपटॉपपर्यंत जातो. फक्त गिटार रेकॉर्ड करणाऱ्याला मी हेच सांगेन. पण भाच्याला गायचंही असतं, आणि त्याच्या मॉडेलरला माइकचं इनपुट नाही. मॅकवर दोन उपकरणं जोडून एक ‘ॲग्रीगेट डिव्हाइस’ करता येतं. विंडोजवर एएसआयओ (ऑडिओ ड्रायव्हरचा एक प्रकार) वापरताना रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सहसा एका वेळी एकच ड्रायव्हर घेतं. त्यामुळे गाणं इंटरफेसवर, गिटार मॉडेलरवर, असा संसार दोन चुलींवर. एक तर आज गिटार, उद्या गाणं असं करा, नाहीतर हा रस्ता सोडा.

तिसरा, आणि माझ्या मते कायमचा: ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल माइक इनपुटजोगा करणारी छोटी डबी. मॉडेलरची केबल डीआयमध्ये, डीआयमधून एक्सएलआर केबल (माइकला लागते ती तीन पिनांची) इंटरफेसच्या माइक इनपुटला, आणि बॉक्सवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबलेलं. आत ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे सिग्नल चुंबकत्वाने पलीकडे जातो, तारेने नाही. गोल तिथेच तुटतो. डीआय सिग्नल साधारण २० डेसिबलनी खाली आणतो, म्हणून तो माइक इनपुटलाच लावायचा, लाइनला नाही. तुमच्या मॉडेलरला बॅलन्स्ड आउटपुट (शील्डखेरीज सिग्नलच्या दोन तारा असलेलं) असेल तर आधी टीआरएस केबल (जॅकवर टोक, रिंग आणि बाही असे तीन संपर्क असलेली) वापरून बघा, तेवढ्याने भागू शकतं. आउटपुट अनबॅलन्स्ड असेल तर टीआरएस केबल आणून उगाच पैसे घालवू नका. आम्ही घालवले. दुसरी केबल तीच.

यूएसबी आयसोलेटरही मिळतात, पण स्वस्तातले बहुधा १२ एमबीपीएसचे असतात. हाय-स्पीडवर चालणाऱ्या इंटरफेसला ते पुरत नाहीत.

आणि एक उपाय जो अजिबात करायचा नाही, पण कुणीतरी काका तो हमखास सुचवतात: प्लगची तिसरी, जाड पिन कापून टाकणं, किंवा थ्री-पिनला टू-पिन ॲडॅप्टर लावणं. घरघर जाते हे खरं. पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. गिटारच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि तुमचे दोन्ही हात तारांवर असतात. त्यात ओठ माइकला लागलेले. उपकरणात बिघाड होऊन फेज बॉडीवर आला तर प्रवाहाला जायला तुमच्याशिवाय दुसरा रस्ता उरत नाही. डीआयचं ग्राउंड लिफ्ट फक्त सिग्नलच्या केबलचा ग्राउंड तोडतं, मेनचं अर्थिंग तसंच राहतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरातल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायर आहे की नुसतंच भोक आहे, हेही वायरमनकडून एकदा तपासून घ्या. जुन्या इमारतींत नुसतंच भोक निघाल्याचं मी पाहिलंय.

घरघरीचा पिच्छा पुरवताना आणखी एक गोष्ट सापडली, जी खरं तर सगळ्यांत आधी बघायला हवी होती. भाच्याच्या इंटरफेसवर ‘इन्स्ट’ बटण दाबलेलं होतं. का? ‘‘गिटार लावलीये ना!’’ नाही रे बाबा. गिटार मॉडेलरला लावली आहेस. इंटरफेसला लावलंयस ते तयार ॲम्पचं आउटपुट. इन्स्ट्रुमेंट इनपुट पिकअपच्या नाजूक सिग्नलसाठी असतं, त्याचा इनपुट रोध दहा लाख ओहमच्या आसपास. मॉडेलरचं आउटपुट लाइन पातळीचं. काही +४ डीबीयूचं, म्हणजे १.२३ व्होल्ट, काही -१० डीबीव्हीचं, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. या दोघांतही जवळजवळ १२ डेसिबलचा फरक. गेन (इनपुटवर आवाज किती वाढवायचा ते) पूर्ण खाली असूनही लाल दिवा लागत असेल, आवाज फाटत असेल, तर इन्स्ट बंद करा. तरी फाटला तर मॉडेलरच्या सेटिंगमध्ये आउटपुटची पातळी लाइन आहे की इन्स्ट्रुमेंट ते बघा.

फाटू नये म्हणून भाच्याने काय केलं होतं? मॉडेलरचं आउटपुट एकदम खाली आणलं, आणि मग आवाज कमी येतो म्हणून पुढे सॉफ्टवेअरमध्ये वाढवला. इथेच घरघर पुष्ट झाली. विचार करा: लूपचा हम घुसतो तो मॉडेलरच्या नंतर, केबलमध्ये. तिथे तुमचा सिग्नल जितका दुबळा, तितका हम त्याच्यापुढे दांडगा. पुढे वाढवताना दोघंही सारखेच वाढतात. म्हणून मॉडेलरचं आउटपुट भरपूर ठेवा, तीन-चतुर्थांश तरी. इंटरफेसचा गेन जेमतेम ठेवा. तुमचा सगळ्यांत मोठा पॅच लावून जोरात वाजवा आणि शिखरं -१२ डीबीएफएसच्या आसपास बसवा (मीटरवर ० म्हणजे कमाल). २४ बिटवर रेकॉर्ड करताना मीटर लालपर्यंत नेण्यात काही मिळकत नाही. एवढ्यानेच भाच्याचा हम निम्म्याहून कमी ऐकू यायला लागला. यूएसबी तशीच लागलेली असताना.

मॉडेलरला एक्सएलआर आउटपुट असेल तर ते इंटरफेसच्या माइक प्रीॲम्पमध्ये जातं, त्यामुळे मॉडेलरवर ‘माइक/लाइन’ स्विच असल्यास माइकवर ठेवा. त्या चॅनेलचं ४८ व्होल्ट फँटम (कंडेन्सर माइकला पुरवली जाणारी वीज) बंद. दोन्ही चॅनेलना मिळून एकच फँटम बटण असेल आणि गाण्याचा माइक कंडेन्सर असेल, तर मॉडेलर पाव इंची जॅकनेच लावा. छोट्या इंटरफेसवर फँटम एक्सएलआरच्या पिनांवरच येतं.

घरघरीशी संबंध नाही, पण याच जोडणीत सापडणारं एक भूत सांगतो. लहान, खिशातल्या मॉडेलरना अनेकदा एकच स्टिरिओ आउटपुट असतं, हेडफोनचंही तेच. त्यातून टीआरएस केबलने इंटरफेसच्या एका इनपुटला गेलात तर आवाज येतो, पण पोकळ, लांबून, विहिरीतून आल्यासारखा. रिव्हर्ब ऐकू येतो आणि गिटार गायब. कारण बॅलन्स्ड इनपुट टोकाच्या सिग्नलमधून रिंगचा सिग्नल वजा करतं, आणि तुम्ही तिथे डावा आणि उजवा कान लावलाय. दोन्हींत जे सारखं, ते शून्य. उरतो तो फक्त फरक. वाय केबल घ्या, एका बाजूला स्टिरिओ जॅक, दुसऱ्या बाजूला दोन मोनो, आणि दोन इनपुटना लावून एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे पॅन करा.

बाकीचं झटपट. आवाज डासांच्या थव्यासारखा असेल तर कॅबिनेट सिम्युलेशन बंद आहे. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक गाळून टाकतो, ते गाळणं कुणीतरी करायला हवं. गोधडीखालून आल्यासारखा असेल तर ते दोनदा लागलंय, एकदा मॉडेलरमध्ये आणि एकदा सॉफ्टवेअरमध्ये. एकाच फटक्याचे दोन आवाज येत असतील तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत. रेकॉर्डिंग ऐकताना गाणं दीड पट्टी वर किंवा खाली सरकलं असेल तर कुठेतरी सॅम्पल रेटची (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो त्याची), ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झची गफलत आहे. जॅक फिरवल्यावर खर्रखर्र होत असेल आणि बाहेर जुलै चालू असेल, तर जॅक बाहेर काढून बघा, काळा पडलेला असेल. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाची काडी. मोबाइल मॉडेलरच्या डोक्यावर ठेवू नका.

नॉइज गेटबद्दल (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा) हमखास विचारलं जातं, म्हणून तेवढं सांगतो. मॉडेलरमधला गेट लूपच्या घरघरीला हात लावू शकत नाही, कारण घरघर त्याच्या नंतर घुसते. सॉफ्टवेअरमधला गेट दोन स्वरांमधली घरघर झाकतो, पण स्वर वाजत असताना ती खाली असतेच, आणि लांबवलेल्या स्वराचं शेपूट कापलं जातं ते वेगळं.

सध्याची स्थिती: लाल टेपची वायर रेकॉर्डिंगच्या वेळी बाहेर, इन्स्ट बंद, मॉडेलरचं आउटपुट वर. गूंऽऽ गेली. खूप गेनच्या पॅचवर, चार्जर लावलेला असताना, हेडफोन कानाला दाबून धरला तर अगदी बारीक चींऽऽ अजून आहे. त्यासाठी डीआय घ्यायचा ठरलाय, गणपती झाल्यावर. तोवर सोलोचा टेक असेल तेव्हा भाचा लॅपटॉप बॅटरीवर घेतो. बॅटरी दीड तास टिकते. टेक जमायला त्याला दोन लागतात.